८ ÷ २(२ + २) याचे उत्तर १ की १६? कंचेभागुबेव आणि न लिहिलेले गुणाकाराचे चिन्ह

प्रश्न असा आहे. नववीत शिकणाऱ्या मुलीने ८ ÷ २(२ + २) ही पदावली सोडवून उत्तर १ काढले, तिच्या वडिलांना मोबाइलवर तीच पदावली घातल्यावर १६ मिळाले, आणि घरातल्या जुन्या सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर पुन्हा १ आले. वडील विचारतात की गणितात एका प्रश्नाला दोन उत्तरे कशी असू शकतात, आणि मुलीला कंचेभागुबेवचा नियम नीट शिकवलेला नाही असे समजावे काय.

मी तीस वर्षांहून अधिक काळ माध्यमिक शाळेत गणित शिकवले आणि त्यातली बरीच वर्षे प्रश्नपत्रिका काढण्यात व तपासण्यात घालवली. त्या अनुभवावरून आधी थोडक्यात उत्तर देतो: मुलीचे काही चुकलेले नाही आणि मोबाइलचेही काही बिघडलेले नाही. शाळेतला क्रियाक्रमाचा नियम अक्षरशः लावला तर १६ येते, बीजगणितात पदे वाचण्याची जी सवय आपण मुलांना लावतो ती लावली तर १ येते, आणि यांपैकी कोणते वाचन लिहिणाऱ्याच्या मनात होते हे त्या पदावलीवरून कळत नाही. दोष असलाच तर तो ज्याने ती अशी लिहिली त्याचा आहे. मात्र एवढ्याने समाधान होणार नाही हे मला ठाऊक आहे, म्हणून दोन वाचने नेमकी कोठे फुटतात ते पाहू.

कंसाबद्दल कोणाचाच वाद नाही. (२ + २) म्हणजे ४, हे दोन्ही पक्षांना मान्य आहे, आणि त्यानंतर समोर उरते ते ८ ÷ २(४). येथे २ आणि कंस यांच्यामध्ये गुणाकाराचे चिन्ह लिहिलेले नाही, ते अध्याहृत आहे. हा अध्याहृत गुणाकार म्हणजे केवळ चिन्ह गाळलेला साधा गुणाकार मानला तर ८ ÷ २ × ४ अशी मांडणी होते, भागाकार व गुणाकार समान दर्जाचे असल्यामुळे आपण डावीकडून उजवीकडे जातो आणि ४ × ४ म्हणजे १६ मिळतात. चिन्ह न लिहिता शेजारी शेजारी ठेवलेल्या राशी एकमेकींना घट्ट बांधलेल्या आहेत असे मानले तर २(४) ही एकच राशी ठरते आणि ८ ÷ ८ म्हणजे १ मिळतो.

दोन्ही बाजूंनी काही युक्तिवाद वारंवार केले जातात, ते येथेच बाजूला ठेवतो. ‘कंस आधी सोडवायचा म्हणून २ ने गुणणेही आधीच करायला हवे’ हे म्हणणे बरोबर नाही, कारण कंसाचा नियम कंसाच्या आतल्या क्रियांपुरता आहे आणि कंसाबाहेरचा गुणक त्याच्या कक्षेत येत नाही. वितरण गुणधर्माचा, म्हणजे कंसाबाहेरच्या गुणकाने आतल्या प्रत्येक पदाला गुणण्याच्या नियमाचा, दाखला देऊनही १ सिद्ध होत नाही, कारण कंसाला २ ने गुणायचे की ८ ÷ २ ने, हाच मुळात वादाचा मुद्दा आहे. उलट बाजूने ‘२(४) आणि २ × ४ एकच, मग फरक कसला’ असे म्हणणाऱ्यांचेही चुकते. दोघांची किंमत एकच आहे हे खरे, पण येथे प्रश्न किमतीचा नसून डावीकडचे भागाकाराचे चिन्ह कोठपर्यंत पोहोचते याचा आहे.

आता कंचेभागुबेवकडे वळतो. कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी हा क्रम लक्षात राहावा म्हणून महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांनी ही अक्षरे पाठ केली आहेत. पाठांतराला ती उत्तम आहेत, परंतु ज्याला फक्त अक्षरे आठवतात आणि त्यामागचा नियम आठवत नाही त्याला ती फसवतात. अक्षरे सहा असली तरी पायऱ्या सहा नाहीत. भागाकार व गुणाकार ही एक पायरी आहे, बेरीज व वजाबाकी ही दुसरी, आणि एका पायरीवरच्या क्रिया डावीकडून उजवीकडे क्रमाने करायच्या असतात.

येथे एक गोष्ट वर्गात आवर्जून दाखवावी असे मला नेहमी वाटत आले आहे. ‘भा’ हे अक्षर ‘गु’च्या आधी आहे म्हणून एखाद्याने सर्व भागाकार आधी उरकले तरी उत्तर बिघडत नाही: १२ × ५ ÷ ४ यात डावीकडून गेलो तर ६० ÷ ४ म्हणजे १५, आणि आधी ५ ÷ ४ केले तर १२ × १.२५, म्हणजे तेच १५. ‘बे’ आणि ‘व’ यांच्या बाबतीत मात्र असे होत नाही. १५ − ७ + ३ यात बेरीज आधी करणारा १५ − १० करून ५ लिहितो, तर खरे उत्तर ११ आहे. एकाच सूत्रातला एक शब्दशः अर्थ निरुपद्रवी आणि दुसरा घातक असल्यामुळे मुलाची चूक पुष्कळ दिवस झाकलेली राहते, आणि सातवी-आठवीत अचानक उघडी पडते. अमेरिकेतल्या शाळांत जे ‘पेमडास’ पाठ करतात त्यात गुणाकाराचे अक्षर भागाकाराच्या आधी येते, त्यामुळे तिथली मुले ३६ ÷ ६ × २ मध्ये आधी ६ × २ करून १२ ऐवजी ३ लिहितात. म्हणजे पाठांतराचे सूत्र बदलले की चुकीची जागाही बदलते.

या सूत्रातले सर्वांत दुर्लक्षित आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे अक्षर म्हणजे ‘चे’. पुष्कळांना ते केवळ पादपूरणासाठी आहे असे वाटते. ‘१२ चे एक तृतीयांश’, ‘४० चे तीन चतुर्थांश’ अशा मांडणीतला तो षष्ठीचा प्रत्यय आहे. त्याचा अर्थ गुणाकार हाच असतो, तरीही सूत्रात त्याला भागाकाराच्याही आधीचे स्थान दिले आहे. २४ ÷ १२ चे एक तृतीयांश, ही पदावली घ्या. नियमानुसार आधी १२ चे एक तृतीयांश म्हणजे ४, आणि मग २४ ÷ ४ म्हणजे ६. ‘चे’ऐवजी गुणाकाराचे चिन्ह घातले आणि डावीकडून उजवीकडे गेलो तर २ × १/३, म्हणजे दोन तृतीयांश. एकच गुणाकार, पण चिन्हाने लिहिला की एक उत्तर आणि विभक्तीने लिहिला की दुसरे.

याचे कारण मराठी जाणणाऱ्याला वेगळे समजवावे लागत नाही. षष्ठी दोन नामांना जोडून त्यांचे एक नाम बनवते. ‘मामाच्या घराचे दार उघड’ या वाक्यात उघडण्याची क्रिया दाराला लागते, मामाला किंवा घराला नाही. आधी ‘मामाच्या घराचे दार’ ही एक वस्तू मनात उभी राहते आणि मग तिच्यावर क्रिया होते. तसेच ‘१२ चे एक तृतीयांश’ ही आधी एक राशी होते आणि मग तिने भागले जाते. आपल्याकडे या प्रकाराला जुनी परंपराही आहे. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास रचलेल्या लीलावतीत अपूर्णांकांच्या ज्या जाती सांगितल्या आहेत त्यांत प्रभागजाती ही स्वतंत्र जात आहे, म्हणजे भागाचा भाग, त्याचाही भाग. त्यातले उदाहरण एका कंजूष माणसाचे आहे: त्याने याचकाला एका द्रम्माच्या (द्रम्म हे त्या काळचे नाणे) अर्ध्याचे दोन तृतीयांश, त्याचे तीन चतुर्थांश, त्याचा पाचवा भाग, त्याचा सोळावा भाग आणि त्याचा चौथा भाग दिला, तर किती कवड्या दिल्या? सर्व अपूर्णांकांचा गुणाकार १/१२८० येतो, आणि एका द्रम्माचे १६ पण, एका पणाच्या ४ काकिणी व एका काकिणीच्या २० कवड्या या कोष्टकाने द्रम्माच्या कवड्याही १२८० होतात. दान झाले ते एका कवडीचे. अपूर्णांकांची ही संपूर्ण साखळी एकच राशी आहे, तिच्या मध्येच कोठे थांबून दुसरी क्रिया घुसवता येत नाही.

मला जे सांगायचे आहे ते हेच. ज्या परंपरेने ‘चे’ला भागाकाराच्या आधी बसवले तिला हे ठाऊक होते की काही गुणाकार बांधलेले असतात आणि काही मोकळे असतात. ८ ÷ २(२ + २) वाचताना जो २(२ + २) ला एक राशी समजतो तो नियम मोडत नसून हीच जाणीव न लिहिलेल्या चिन्हाला लावत असतो. मात्र आपल्या सूत्रातला ‘चे’ फक्त लिहिलेल्या षष्ठीपुरता आहे, अध्याहृत गुणाकाराला तो लागू आहे असे शालेय नियमात कोठे म्हटलेले नसते, आणि त्यामुळे सातवीचा नियम अक्षरशः लावणाऱ्याचे १६ हे उत्तरही तितकेच सनदशीर आहे.

गोंधळ वाढतो तो आठवीत. एकपदीला एकपदीने भागायला शिकवताना आपण २१म² ÷ ७म असे लिहितो आणि उत्तर ३म आहे असे सांगतो. सातवीत शिकवलेला ‘डावीकडून उजवीकडे’ हा नियम येथे काटेकोर लावला तर आधी २१म² ला ७ ने भागून मग म ने गुणावे लागेल आणि उत्तर ३म³ येईल. असे उत्तर लिहिणाऱ्या मुलाला आपण गुण देत नाही, कारण ७म हे एक पद आहे, ७ हा त्याचा सहगुणक आहे आणि सहगुणक पदापासून सुटा करता येत नाही हे आपण गृहीत धरलेले असते. हे गृहीतक मुलांना शब्दांत सांगितलेले मी फार थोड्या वर्गांत ऐकले आहे, आणि माझ्या नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मीही ते सांगत नव्हतो. म्हणून नववीतल्या मुलीने १ काढला तर तिला सातवीचा नियम येत नाही असा निष्कर्ष काढू नये. आठवीचे बीजगणित तिच्या अंगवळणी पडले आहे, असाच त्याचा अर्थ असण्याचा संभव अधिक आहे.

हा वाद समाजमाध्यमांनी निर्माण केला असेही समजू नये. २०११ मध्ये ४८ ÷ २(९ + ३) या पदावलीवरून इंटरनेटवर २८८ की २ असा वाद पेटला होता, आणि २०१९ मध्ये ८ ÷ २(२ + २) एवढी गाजली की गणितज्ञ स्टीव्हन स्ट्रोगॅट्झ यांनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये तिच्यावर लेख लिहिला. पण गणिताचे इतिहासकार फ्लोरियन कॅजोरी यांनी १९२८ मध्ये गणितातल्या चिन्हांचा जो इतिहास प्रसिद्ध केला, त्यातच त्यांनी नोंदवून ठेवले आहे की एका पदात ÷ आणि × दोन्ही आली तर कोणते आधी करावे याबद्दल एकमत नाही. ÷ हे चिन्ह भागाकारासाठी प्रथम छापले गेले ते योहान रान यांच्या १६५९ च्या बीजगणितात. × त्याआधी १६३१ मध्ये विल्यम ऑट्रेड यांच्या ग्रंथात आले होते. लायब्निझ यांनी भागाकारासाठी विसर्गासारखे दोन टिंब वापरले आणि युरोपातले बरेच देश अजून तेच वापरतात. डेन्मार्क आणि नॉर्वेमध्ये तर ÷ हे चिन्ह दीर्घकाळ वजाबाकीसाठी लिहिले जात होते. म्हणजे ज्या चिन्हावर आपण एवढे भांडतो त्याचा अर्थच सर्वत्र एक नव्हता. प्रगत गणितात ते जवळजवळ दिसत नाही, कारण तेथे आडवी रेघ मारून वर अंश आणि खाली छेद लिहिला जातो आणि छेद कोठे संपतो हा प्रश्नच उद्भवत नाही.

कॅल्क्युलेटरवर विसंबून निकाल लावता येईल, अशी वडिलांची अपेक्षा असेल तर तीही सोडावी लागेल. यंत्र ज्याने घडवले त्याने निवडलेली रूढी यंत्र पाळते. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या टीआय-८२ या यंत्रावर १/२क्ष याचा अर्थ १/(२क्ष) असा लागतो, आणि त्याच कंपनीच्या नंतरच्या टीआय-८३ वर तीच पदावली डावीकडून उजवीकडे सोडवली जाऊन क्ष चे अर्धे मिळते. कॅसिओच्या क्लासविझ मालिकेतली यंत्रे अध्याहृत गुणाकाराला अग्रक्रम देतात आणि आपण काय समजलो ते दाखवण्यासाठी पडद्यावर स्वतःहून कंस घालतात. ही पद्धत मला फार प्रामाणिक वाटते. गूगलच्या शोधखिडकीतही पदावली आधी (८ ÷ २) × (२ + २) अशी पुन्हा लिहून मगच १६ दाखवले जातात. दुकानातल्या साध्या कॅल्क्युलेटरला तर पायऱ्यांचा नियमच माहीत नसतो, त्यावर २ + ३ × ४ दाबले की १४ ऐवजी २० येतात, कारण बटण दाबताक्षणी तो हाती असलेली क्रिया पूर्ण करून टाकतो. पायथन या संगणकभाषेत ८/२(२ + २) असे लिहिले तर उत्तर मिळतच नाही, चूक दाखवली जाते. गुणाकार करायचा असेल तर चिन्ह लिहा, असाच तिचा आग्रह आहे.

ज्यांचे रोजचे काम सूत्रे छापण्याचे आहे त्यांनी या बाबतीत काय ठरवले आहे तेही पाहण्यासारखे आहे. अमेरिकन फिजिकल सोसायटीच्या ‘फिजिकल रिव्ह्यू’ या नियतकालिकाच्या लेखनविषयक सूचनांनुसार तिरकी रेघ वापरून एका ओळीत लिहिलेल्या अपूर्णांकात गुणाकार भागाकाराच्या आधी धरायचा असतो. भौतिकशास्त्राच्या पुस्तकात प्लँकच्या स्थिरांकाला २π ने भागलेले एका ओळीत लिहिले जाते तेव्हा २π हा संपूर्ण छेद आहे हे प्रत्येक वाचक जाणतो, आधी २ ने भागून मग पायने गुणावे असे कोणाच्या मनातही येत नाही. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेची भूमिका याहून कडक आहे. तिच्या ८०००० क्रमांकाच्या मानकात म्हटले आहे की तिरक्या रेघेनंतर त्याच ओळीत गुणाकाराचे किंवा भागाकाराचे चिन्ह कंसाशिवाय येऊ नये, आणि भागाकारासाठी ÷ हे चिन्ह वापरूच नये. दोघांपैकी कोणते वाचन खरे हे ठरवण्याच्या भानगडीत हे मानक पडत नाही, संदिग्ध मांडणीलाच ते मज्जाव करते. मला हीच भूमिका योग्य वाटते.

एका प्रसंगाने मला हे पटले. काही वर्षांपूर्वी एका खासगी सराव परीक्षेची उत्तरसूची तपासायला माझ्याकडे आली होती. तीत २४ ÷ १२ चे एक तृतीयांश या धर्तीचा प्रश्न होता, पर्यायांत ६ आणि दोन तृतीयांश ही दोन्ही उत्तरे होती, आणि सूचीत दोन तृतीयांश बरोबर धरले होते. प्रश्न ‘चे’ वापरून विचारलेला असल्यामुळे नियमाप्रमाणे ६ हेच उत्तर होते, आणि तसे मी कळवले. परंतु त्याच प्रश्नपत्रिकेत थोडे पुढे अगदी ८ ÷ २(२ + २) सारखी पदावली होती आणि तिथेही दोन्ही उत्तरे पर्यायांत होती. त्याबद्दल मी ‘प्रश्न रद्द करावा’ असे लिहिले. ते मान्य झाले नाही. ज्या मुलांचे गुण त्यात गेले त्यांना कोणता नियम येत नव्हता, हे मला आजही सांगता येणार नाही.

प्रश्नपत्रिकेतल्या एखाद्या गुणापेक्षा मोठे नुकसान कोठे होऊ शकते तेही सांगतो, कारण हा सर्व खटाटोप केवळ शाळेपुरता आहे असा समज असतो. आपल्या सूत्रात घातांकाला अक्षरच नाही, त्यामुळे घात आणि ऋण चिन्ह यांच्यातला क्रम बहुतेकांनी कधी विचारात घेतलेला नसतो. गणिताच्या रूढीप्रमाणे −३² म्हणजे −९, कारण वर्ग ३ चा आहे. एक्सेलमध्ये मात्र नुसते −३ चा वर्ग असे सूत्र घातले तर +९ मिळतात, आणि ० − ३ चा वर्ग असे घातले तर −९ मिळतात, कारण तेथे एकट्या ऋण चिन्हाला घाताच्या आधीचे स्थान आहे आणि वजाबाकीच्या चिन्हाला नाही. संख्याशास्त्रातला घंटेच्या आकाराचा वक्र काढणाऱ्या विद्यार्थ्याला ई (सुमारे २.७१८ ही स्थिर संख्या) हिचा ऋण क्ष² वा घात हवा असतो. क्ष ची किंमत २ असेल तर उत्तर सुमारे ०.०१८ यायला हवे, पण कंस न घालता सूत्र लिहिले तर ५४.६ च्या आसपास येते. घातावर घात असेल तर पुस्तकात २ चा ‘३ चा वर्ग’ एवढा घात म्हणजे ५१२ धरतात, एक्सेल डावीकडून जाऊन ६४ देते. येथे हसण्यावारी नेण्याजोगे काहीच नाही, अशा तक्त्यांवर अभियंते आणि हिशेबनीस निर्णय घेत असतात.

आता मुलीला काय सांगावे ते लिहितो. तिच्या वहीत ती पदावली दोनदा लिहावी, एकदा (८ ÷ २) × (२ + २) अशी आणि एकदा ८ ÷ [२ × (२ + २)] अशी, आणि दोन्हींची उत्तरे तिलाच काढू द्यावीत. त्यानंतर दोन्ही पदावल्या आडवी रेघ मारून अपूर्णांकाच्या रूपात लिहायला सांगाव्यात. पहिलीत छेदात फक्त २ राहील आणि दुसरीत सगळा कंस छेदात जाईल, आणि वाद कशावरून होता ते तिला डोळ्यांनी दिसेल. परीक्षेत अशी पदावली आलीच आणि प्रश्न शालेय पदावल्यांच्या धर्तीचा, केवळ अंकांचा असेल, तर गुणाकाराचे चिन्ह लिहून घेऊन डावीकडून उजवीकडे जावे आणि १६ लिहावे, कारण उत्तरसूची करणारा बहुधा त्याच नियमाने गेलेला असतो. प्रश्नात अक्षरे असतील, म्हणजे सहगुणक आणि चल एकत्र असतील, तर ते पद फोडू नये. उत्तर लिहिण्याची जागा असेल तर आपण पदावली कशी वाचली ते कंस घालून पहिल्याच पायरीत दाखवावे. पेपर तपासताना मी स्वतः त्या पहिल्या पायरीकडे पाहूनच गुण देत आलो आहे, आणि ती स्पष्ट लिहिलेली असेल तर १ लिहिणाऱ्या विद्यार्थ्यालाही मी पूर्ण गुण दिले आहेत.